दोन गरम, एक थंड

आमच्याकडे अंतर ट्रेमध्ये मोजतात.
दुबई : एक गरम.
लंडन : एक गरम, एक थंड.
नेवार्क : दोन गरम, मध्ये एक थंड,
शिवाय रात्री कुणाला भूक लागलीच तर बिस्किटं.
साडेबारा हजार किलोमीटरच्या वर काहीतरी आहे
असं कुटिन्हो सुपरवायझर सांगतात.
आम्हाला ट्रे कळतात.

मरोळच्या या किचनमध्ये मला सहा वर्षं झाली.
डोक्याला जाळी, हाताला निळे मोजे,
आत बारा डिग्री, बाहेर मे असला तरी.
काकडीच्या चकत्या चार, पाच नाहीत.
एका ट्रेला बावीस सेकंद.
मी एकदाही विमानात बसले नाही
पण सिंगापूर किती भुकेवर आहे ते विचारा.

माझा आजा हाकेत मोजायचा.
विहीर दोन हाकांवर,
आणि तालुक्याचं गाव चार पानांवर,
म्हणजे चालता चालता चार पानं खाऊन होतील इतकं.
पाचवं लागलं तर म्हणायचा, आज रस्ता लांबला.

चारुशीला माझी नणंद.
दोन खोल्या, मधे पडदा,
पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती,
आणि तीन वर्षांचा अबोला.
पाण्याच्या पिंपावरून सुरू झाला होता.
पुढे कारण निघून गेलं, अबोला राहिला,
पाहुणा गेल्यावर त्याची एक चप्पल राहावी तसा.
तिला तिकडे म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली
हे मला नवऱ्याकडून कळलं,
आणि तारीख कॅलेंडरवरच्या खुणेवरून.

त्या मंगळवारी मी स्पेशल मीलच्या टेबलाला.
मधुमेहाचं, जैन, बिनमिठाचं, लहान मुलांचं.
या ट्रेंना चिठ्ठी लागते, नाव आणि सीट.
चाळीसएक चिठ्ठ्यांमध्ये एक
माझ्याच आडनावाची.
पेडणेकर सी. बेचाळीस एच. फक्त फळं.

जिला पपईच्या वासानं मळमळतं
ती फळं कशाला मागवेल?
मंगळवारी मी कुठल्या टेबलाला असते
हे तिला कोणी सांगितलं?
मी रात्री नवऱ्याशी बोलायचे, तेवढंच.
भिंतीलाही कान असतात, तो तर पडदा होता.

पपई काढली. कलिंगड वाढवलं.
मोसंबीच्या बिया काढल्या
एकेक, सुरीच्या टोकानं.
बावीस सेकंदांच्या जागी चार मिनिटं.
कुटिन्हो घड्याळाकडे बघत उभे राहिले,
मग दुसऱ्या टेबलाकडे गेले.

रात्री मरोळ नाक्यावर पाऊण तास बस नाही.
डोक्यावरून एक विमान गेलं.
तिचं नसणार. तिचं पहाटेचं.
तरी मी मान वर करून
ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहिले, आणि बस चुकली.

अकराव्या दिवशी फोन आला.
इथे सकाळचे सात, तिथे अजून कालचाच दिवस.
आधी थंडी किती ते सांगितलं.
मग म्हणाली, जाताना वारा समोरून असतो म्हणे,
दीड तास जास्त लागतो.
येताना तोच वारा पाठीवर.
मग गप्प.
मग,
"मला झोप लागली गं.
जाग आली तर ट्रे उचलून नेलेला.
काय होतं त्यात?"

मी पदराला हात पुसले, उगाचच.
कलिंगड, म्हटलं. सहा फोडी.
अननसाच्या दोन, दांड्याकडच्या नाहीत.
मोसंबी.

"बिया?"

काढल्या होत्या.

"पपई?"

नव्हती.

तिकडे कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.
"बरं," म्हणाली. "पुढे सांग."